महिनाभर मजेसाठी वाचलं, त्याचा हिशेब

भाऊबीज झाल्यावरच्या सोमवारी सकाळच्या ओपीडीत एक ओळखीचे काका आत आले. टेबलावर उघडा पडलेला दिवाळी अंक त्यांनी बघितला आणि चेहऱ्यावर काळजी आणून म्हणाले, "काय डॉक्टर, पेशंट कमी झालेत का?"

मी पटकन अंक झाकला. शाळेत बाकाखाली गोष्टीचं पुस्तक धरून वाचताना पकडलं जावं, तसा. त्यांचं बीपी बघितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की अंकाच्या जागी माझ्या हातात मोबाइल असता तर काकांनी काहीच विचारलं नसतं. मोबाइल बघणारा डॉक्टर कामात असतो आणि छापलेलं वाचणारा डॉक्टर रिकामा असतो, असा आपला सगळ्यांचा समज झालाय. माझाही होता, नाहीतर मी अंक झाकला नसता.

भाऊबीजेपासून कार्तिक अमावास्येपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, मी रोज वाचलं. वैद्यकीय काही नाही. त्याचा कुठे उपयोग होईल असं काही नाही. "व्यक्तिमत्त्व घडवा" छापाचंही नाही. सहा दिवाळी अंक (त्यातले दोन अर्धवट टाकले), तीन पुस्तकं आणि लहानपणी चोरून वाचायचो तसल्या दोन रहस्यकथा. कॉलेज सुटल्यापासून इतकं सलग मजेसाठी वाचल्याचं मला आठवत नाही. हे का केलं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. आणि ती गोष्ट माझ्यासाठी फारशी अभिमानाची नाही.

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. आमच्या घरात दिवाळी अंक आला, की आधी आई वाचणार आणि मग बाकीचे, हा नियम होता. नगरवाचनालयाची दिवाळी अंकांची वर्गणी ती नवरात्रातच भरून यायची. फराळाचं सगळं उरकल्यावर पाडव्याच्या दुपारी ती अंक घेऊन खिडकीशी बसली, की "आता मला कोणी चहा मागू नका" असं जाहीर व्हायचं. बाबा गेले त्याला आता अडीच वर्षं झाली. गेल्या वर्षीच्या दिवाळीत मी घरी आलो, तर अंकांची चळत कपाटावर तशीच बांधलेली. सकाळचा पेपरसुद्धा घडी न मोडता रद्दीत जात होता.

मी डॉक्टर. मी लगेच निदान केलं, मोतीबिंदू. तपासून घेतलं, तर खरंच दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. दीड महिन्याच्या अंतराने दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या, उत्तम झाल्या, जवळचा चष्मा आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी समोर धरलेल्या तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ तिने धडाधड वाचून दाखवली. आणि घरी आल्यावर पेपर पुन्हा घडीतच.

हा लेख लिहायला मी आईची परवानगी घेतली, तेव्हा तिने एकच अट घातली, "तू माझ्यावर ओरडलास ते पण लिही." तर लिहितो. एका रविवारी मी तिला म्हणालो होतो, "अगं, एवढे डोळे करून दिले, आता वाच की! नुसती भिंतीकडे बघत काय बसतेस?" ती म्हणाली, "दिसतं रे मला. पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात काय होती ते निसटतं. आणि कशाला वाचायचं, असं वाटतं." हे वाक्य एखाद्या पेशंटने माझ्या खुर्चीसमोर बसून म्हटलं असतं, तर मी पेन खाली ठेवलं असतं. आईने म्हटलं, तेव्हा मी "होतं असं वयामुळे" म्हणालो आणि मोबाइल बघू लागलो.

आता तुम्हाला सांगतो, की पेन का खाली ठेवायला हवं होतं.

नैराश्य आहे का हे चाचपायला आम्ही डॉक्टर मंडळी नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली वापरतो. तिला पीएचक्यू-९ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास तुम्हाला किती दिवस झाला, असं तिच्यात विचारलेलं असतं. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. बेरीज सत्तावीसपैकी दहा किंवा त्याच्या वर गेली, तर डॉक्टरने नीट लक्ष घालायचं. लोकांना वाटतं, पहिला प्रश्न "तुम्हाला रडू येतं का" असा असेल. तसा तो नाही. पहिला प्रश्न आहे, एखादी गोष्ट करण्यात रस वाटत नाही, आनंद वाटत नाही, असं होतं का? आणि सातवा प्रश्न आहे लक्ष लागण्याबद्दल. त्यात उदाहरण म्हणून काय दिलंय माहीत आहे? पेपर वाचणं किंवा टीव्ही बघणं. म्हणजे "पेपर वाचवत नाही" ही तक्रार त्या प्रश्नावलीत जवळजवळ जशीच्या तशी छापलेली आहे. मी ती शेकडो पेशंटना विचारलेली आहे. घरात मात्र मी मोतीबिंदूपाशी थांबलो.

शहाणपण सुचलं ते माझ्या बहिणीला. ती डॉक्टर नाही, शाळेत शिक्षिका आहे. माहेरी चार दिवस राहून गेल्यावर तिने फोन केला, "दादा, आई रेडिओ पण लावत नाही. आमटीत दोनदा मीठ विसरली. पहाटे तीनला उठून बसते. हे डोळ्यांचं नाहीये." मग मी जागा झालो. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर असं सगळं तपासलं, कारण म्हातारपणी यातलं काहीही बिघडलं तरी माणूस असाच मलूल दिसतो. रिपोर्ट चांगले आले. विसरण्याची तपासणीही झाली, ती समाधानकारक होती. मग मी स्वतः औषध न लिहिता माझ्या एका मानसोपचारतज्ज्ञ मित्राकडे तिला नेलं. आपल्या माणसावर आपण उपचार करू नयेत, हे आम्हाला शिकवलेलं असतं. त्याचं कारण या प्रकरणातून मला नीट समजलं.

औषधांबद्दल तुमच्या मनात शंका असतील म्हणून थोडं सांगतो. नैराश्याच्या गोळ्या तापाच्या गोळीसारख्या दोन तासांत काम करत नाहीत. फरक दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. त्याआधीच "गुण नाही" म्हणून सोडून देणारे खूप. त्यांची सवय लागते ही भीती बहुतेकांना असते. दारूची किंवा झोपेच्या काही गोळ्यांची लागते, तशी ओढ या औषधांची लागत नाही. पण त्या एकदम बंद केल्या तर त्रास होऊ शकतो, म्हणून सुरू आणि बंद दोन्ही डॉक्टरच्या सांगण्यानेच. आणि बरं वाटल्यावर लगेच नाही, तर पुढे निदान सहा महिने चालू ठेवाव्या लागतात. वयस्कर माणसांत यातल्या काही औषधांनी रक्तातलं सोडियम कमी होतं, म्हणून आईचं ते सुरुवातीलाच पुन्हा तपासलं. तिची आधी झोप सुधारली. मग जेवण. मग एक दिवस शेजारच्या काकूंशी भांडण झालं, तेव्हा आम्ही भावंडं मनातून खूश झालो. वाचन आलं सगळ्यात शेवटी.

या वर्षी नवरात्रात तिने स्वतःच विचारलं, "वर्गणी भरलीस का?" आणि अंक आल्यावर मला फर्मावलं, "तू पण वाच. नाहीतर मी बोलू कोणाशी? तुझे बाबा वाचायचे." तिच्यासाठी म्हणून मी सुरुवात केली. दुसरं काही उदात्त कारण नव्हतं.

पहिला आठवडा वाईट गेला, हे कबूल करतो. दीड पान झालं, की हात आपोआप मोबाइलकडे. एका कथेत तर मी तीनदा पहिल्या परिच्छेदापाशी परत गेलो. क्षणभर वाटलं, आपल्यालाच पीएचक्यू-९ भरायची वेळ आलीय की काय. पण माझं दुखणं वेगळं होतं. मला आनंद वाटत नव्हता असं नाही, मला थांबायची सवय उरली नव्हती. हा फरक तुम्हीही लक्षात घ्या, कारण "हल्ली वाचन होत नाही" असं म्हणणारे सगळे नैराश्यात नसतात. ज्याला मित्र भेटले की मजा येते, सिनेमा बघवतो, भूक लागते, झोप लागते, आणि फक्त पुस्तक हातात धरवत नाही, त्याने मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बघावं. मी ठेवला. चार्जर स्वयंपाकघरात नेला. रात्री फोन येणारा डॉक्टर असल्यामुळे घंटी चालू ठेवली, बाकी सगळं बंद. दहाव्या दिवसाच्या सुमाराला मी एका बैठकीत चाळीस पानं वाचली आणि घड्याळ बघितलं नाही.

मजेची गोष्ट म्हणजे ज्या अंकांकडून अपेक्षा होत्या, तिथे मी कंटाळलो. दोन अंक अर्धवट टाकले आणि अपराधी वाटून घेतलं नाही. (आई मात्र शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या नावापर्यंत सगळं वाचते. राशिभविष्य तर आधी.) दिवाळी अंकांची ही आपली पद्धत किती जुनी आहे बघा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तो १९०९ साली. मासिकाचं नावच मनोरंजन. ज्ञानवर्धन नाही, संस्कार नाही. एकशे पंधराहून अधिक वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटलं, की सणाला गोडाधोडाबरोबर वाचायलाही काही असावं. आज आपण मुलांना "वाच, म्हणजे मार्क मिळतील" सांगतो आणि म्हाताऱ्यांना "वाचा, म्हणजे विसरायला होणार नाही" सांगतो. मधल्या वयाच्यांना तर काही सांगतच नाही, त्यांनी ईएमआय भरायचा.

पुस्तकांतलं पहिलं मी व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' घेतलं, कारण ते बारीक आहे. धनगरांच्या लहानशा वस्तीवर शिक्षक म्हणून गेलेल्या पोराची ती गोष्ट. शाळेत असताना वाचली होती, तेव्हा त्यातला मास्तर मला मोठा माणूस वाटला होता. आता तो माझ्याकडे इंटर्नशिपला येणाऱ्या मुलाएवढा लहान वाटला. दोन रात्रींत संपलं. नंतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. यावरून आमचं भांडण झालं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं ते पराकोटीचं सोवळं वाचताना मी आईला म्हणालो, "हा तर सरळसरळ मंत्रचळ आहे. आज औषध देता आलं असतं." आई चिडली. "तुला प्रत्येक माणूस पेशंटच दिसतो का रे? ती बाई बघ किती हसवते आहे, ते बघ ना आधी." आणि तिचं बरोबर होतं. ज्या बाईला शाळा मिळाली नाही, तिने इतकं ठसठशीत, इतकं खुसखुशीत लिहावं आणि मी तिच्या वडिलांचा केसपेपर काढत बसावं! त्यानंतरची शंभरेक पानं मी डॉक्टर न होता वाचायचा प्रयत्न केला. पूर्ण जमलं नाही.

रहस्यकथांनी मात्र घात केला. झोपताना थोडी वाचू म्हणून घेतली, ती दीड वाजता संपली. दुसऱ्या दिवशी ओपीडीत मी जांभया देत होतो आणि "रात्री वेळेवर झोपत जा" असं एका पेशंटला सांगत होतो. तेव्हा झोपण्यापूर्वी वाचावं का, या प्रश्नाचं माझं उत्तर, वाचावं, पण खुनी कोण हे शेवटच्या पानावर कळणारं नको. आणि वाचायचं ते कागदावरचं असलेलं बरं. अमेरिकेत बॉस्टनला एक प्रयोग झाला होता, २०१५ च्या सुमाराला तो छापून आला. बारा तरुण माणसांनी पाच रात्री झोपण्याआधी काही तास उजेडाच्या पडद्यावर वाचलं आणि पाच रात्री मंद दिव्यात छापील पुस्तक वाचलं. पडद्याच्या रात्री झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटं जास्त लागली, झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं मेलाटोनिन दबलं आणि सकाळी सुस्ती जास्त राहिली. माणसं फक्त बारा, हे खरं. पण आपल्या शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं, हे इतर अनेक मार्गांनी माहीत असल्यामुळे निष्कर्षात आश्चर्य काही नाही.

आता वाचनाच्या फायद्यांचा मुद्दा. व्हॉट्सॲपवर तुम्हाला आलंच असेल, "सहा मिनिटं वाचा, ताण ६८ टक्के कमी." मलाही दर महिन्याला येतं. त्या आकड्यामागचा प्रयोग २००९ साली इंग्लंडमध्ये मोजक्या माणसांवर झाला होता आणि त्याचा आकडा तेवढा जगभर फिरला. अडुसष्ट म्हटलं की सत्तरपेक्षा जास्त खरं वाटतं, एवढाच त्याचा चमत्कार. त्याहून दमदार अभ्यास येल विद्यापीठातल्या संशोधकांचा. २०१६ साली त्यांनी पन्नाशीच्या पुढच्या ३,६३५ अमेरिकन लोकांची माहिती तपासली. पुस्तकं वाचणाऱ्यांचा बारा वर्षांच्या काळात मरण्याचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. शिक्षण, पैसा, आजारपण यांचा हिशेब वजा करूनसुद्धा. त्याआधी २००३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या पंचाहत्तरीच्या पुढच्या ४६९ जणांचा अभ्यास झाला होता. त्यात वाचणं, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाचणं, या चार गोष्टी करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला.

हे वाचून तुम्ही आजोबांच्या हातात सकाळ-संध्याकाळ एकेक प्रकरण गोळीसारखं ठेवणार असाल, तर थांबा. वाचणारे जास्त जगले, यावरून वाचल्यामुळे जास्त जगले असं ठरत नाही. उलटही असू शकतं. ज्यांचं आतून काही बिघडायला लागलंय, त्यांचं वाचन आधी सुटतं आणि आजार नंतर कळतो. स्मृतिभ्रंश तर रोग नजरेला येण्याच्या कितीतरी वर्षं आधी मेंदूत सुरू झालेला असतो. आईचंच बघा. त्या वर्षभरात कोणी तिची नोंद केली असती, तर "वाचत नाही, म्हणून तब्येत खालावली" असं लिहून मोकळं झालं असतं. तब्येत खालावली होती, म्हणून ती वाचत नव्हती. मी तिच्यावर ओरडलो, ते हेच कार्यकारण उलटं धरून.

म्हणून माझं मत असं आहे, की आम्ही डॉक्टरांनी वाचन लिहून देऊ नये. व्यायाम लिहून द्यावा, मीठ कमी करायला सांगावं, तंबाखू सोडायला हात जोडावेत. त्यांचा पुरावा भक्कम आहे. वाचन मात्र कामाच्या यादीत घातलं, की त्यातली मजा जाते, आणि मजा गेलेलं वाचन कोण करणार? पण "हल्ली काय वाचताय?" हा प्रश्न आम्ही जरूर विचारावा. उत्तरातून फार काही कळतं.

कधी डोळे कळतात. बेचाळीस-पंचेचाळिशीच्या पेशंटला मी गोळ्यांची पट्टी वाचायला देतो. हात लांब करून वाचली, की चाळिशी लागली. डोळ्यातलं भिंग वयाप्रमाणे कडक होतं, जवळच्यासाठी फुगत नाही, इतकंच ते. पण ही माणसं दोन-दोन वर्षं चष्मा टाळतात आणि "वाचनाचा कंटाळा येतो" म्हणतात. कंटाळा नसतो, डोकं दुखत असतं. रस्त्यावरचा तयार चष्मा घेतलात तर डोळे खराब होणार नाहीत. तोटा एवढाच, की त्या निमित्ताने काचबिंदूची तपासणी व्हायची ती राहून जाते. मधुमेह असणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. साखर वर-खाली होत असताना नंबर काढू नका, भिंगाला सूज येऊन तो बदलत राहतो. साखर काही आठवडे स्थिर झाली, की मग काढा. आणि तुमच्या आईने कंदिलाबद्दल काहीही सांगितलेलं असो, मंद उजेडात वाचल्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत, फक्त थकतात. वाचताना आपण पापण्या कमी मिटतो म्हणून डोळे चुरचुरतात. अधूनमधून खिडकीबाहेर बघा, मुद्दाम पापण्या मिटा.

क्वचित मेंदूही कळतो. हॉवर्ड एंगेल नावाचे कॅनडातले रहस्यकथाकार होते. २००१ साली एका सकाळी त्यांनी दारातला पेपर उचलला, तर त्यातली अक्षरं त्यांना भलत्याच कुठल्या तरी परक्या लिपीतली वाटली. झोपेत पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. हात-पाय चालत होते, बोलता येत होतं, लिहितासुद्धा येत होतं. लिहिलेलं वाचता मात्र येत नव्हतं. पुढे त्यांनी अक्षरांचा आकार जिभेने दातांच्या मागच्या बाजूला गिरवून वाचायचं तंत्र बसवलं आणि पुन्हा कादंबरी लिहिली. हे दुर्मीळ आहे, पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काल वाचता येत होतं आणि आज अचानक अक्षर लागत नाही, शब्द सापडत नाही, अर्धी बाजू दिसत नाही, असं झालं तर चष्म्याच्या दुकानात नाही, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं, आणि लगेच. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं ते साधारण पहिल्या साडेचार तासांत.

"काय वाचताय" हा माझा प्रश्न त्या महिन्यात एकदा चांगलाच आपटला. शेतमजुरी करणाऱ्या एक मावशी आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). अंग दुखतंय, दम लागतो, झोप येत राहते. मी उत्साहात विचारलं. त्या हसल्या, "मला कुठं अक्षर येतंय, डाक्टर." मी ओशाळलो. निम्मं गाव ज्या प्रश्नातून वगळलं जातं, तो प्रश्न मी सगळ्यांना विचारत सुटलो होतो. मग विचारलं, "बरं, तुम्हाला काय करायला आवडतं?" त्या थोड्या थांबल्या. "भजनाला जायची. आता जावंसं वाटत न्हाई. बाया बोलवून बोलवून दमल्या." हा त्यांचा घडी न मोडलेला पेपर होता. त्यांचं थायरॉइड तपासलं, तर ते खूपच कमी काम करत होतं. सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी सुरू केली आहे. एकादशीला त्या मंडळींबरोबर गेल्या नव्हत्या, पुढच्या तपासणीला विचारणार आहे.

तुमच्या घरात कोणी अशी आवडीची गोष्ट सोडून दिली असेल, मग ते वाचन असो, भजन, शब्दकोडं, बागेतली फेरी किंवा क्रिकेटची मॅच, आणि त्याला दोन आठवड्यांहून जास्त दिवस झाले असतील, तर रागावण्याआधी विचारा. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, जगण्याचा कंटाळा आलाय का, हेही विचारा. असं विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही. जवळ डॉक्टर नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

महिना संपला. माझं वजन तेवढंच आहे, बीपी तेवढंच आहे. स्मरणशक्ती वाढल्याची चिन्हं नाहीत, परवाच गाडीची किल्ली फ्रिजवर सापडली. तिसरं पुस्तक कोणतं होतं ते मी सांगत नाही, कारण ते मला आवडलं नाही आणि आईला फार आवडलं, आणि हा लेख ती वाचणार आहे. वाचनालयाचे दोन अंक परत करायची तारीख उलटून गेली आहे. दिवसाला दोन रुपये दंड. आई म्हणते तो मी भरायचा, कारण तिचे वाचून कधीच झालेत.